भाड्याचे आणि बंद फ्लॅट : आगीच्या तपासणीच्या नोंदी

इमारत ठाणे जिल्ह्यातली. तळमजल्यावर पार्किंग आणि चार दुकाने, वर सात मजले, एकूण २८ फ्लॅट. त्यातले ११ भाड्याने दिलेले, ५ बंद. उंची सुमारे २३ मीटर, जिना एकच. १५ मीटरच्या वर असल्याने राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीत गणना होते. २४ च्या आत असल्याने रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीत थांबायची मोकळी सुरक्षित जागा, नाही. यंत्रणा डाउनकमरची: गच्चीवर आगीसाठीची २५,००० लिटरची टाकी, तिथेच ९०० लिटर प्रति मिनिटाचा पंप, खाली उतरणारा पाईप, प्रत्येक मजल्यावर लँडिंग व्हॉल्व्ह (होज, म्हणजे आगीचा पाईप, जोडायचा मोठा नळ) आणि होज रील (ड्रमवर गुंडाळलेला रबरी पाईप).

६ नोव्हेंबर २०२५

आधी कागद. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा बसवल्यावर फॉर्म ए घ्यायचा आणि ती चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यायचा. दोन्ही फॉर्म परवानाधारक एजन्सीचेच लागतात. नेहमीचा प्लंबर किंवा अग्निशामक सिलिंडर भरून देणारा दुकानदार ते देऊ शकत नाही. एजन्सी ठरवताना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत तिचे नाव आहे का आणि परवान्याची मुदत चालू आहे का, एवढे बघितल्याशिवाय सही घेऊ नये.

फॉर्म बीचा सगळा भर पंप, पाईप, होज, अग्निशामक आणि जिन्यावर असतो. एजन्सीचा माणूस फ्लॅटच्या उंबऱ्याआत सहसा जात नाही. आग मात्र बहुतेक वेळा उंबऱ्याआतच सुरू होते, आणि भाड्याच्या किंवा बंद फ्लॅटमध्ये तिथली वायरिंग वर्षानुवर्षे कोणी पाहिलेली नसते. कायद्याच्या कलम ३ मध्ये विकासक, मालक, भोगवटादार अशी सगळ्यांची नावे घेतली आहेत. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालक सुटत नाही, आणि मालक दुबईत राहतो म्हणून भाडेकरूची जबाबदारी संपत नाही. म्हणून या वेळी १६ ही फ्लॅट आतून तपासायचे ठरले. मालकांना ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर कळवले. उत्तर लेखी मागितले, कारण फोनवरचा होकार सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही.

९ नोव्हेंबर

जिना. चपलांचे स्टँड, तिसऱ्या मजल्यावर जुनी गादी, पाचव्यावर सायकली. सहाव्यावर भाडेकरू बदलताना मागे राहिलेले प्लायवूडचे कपाट. जुना भाडेकरू म्हणतो मालकाचे, मालक म्हणतो जुन्या भाडेकरूचे. चार दिवसांची लेखी मुदत देऊन भंगारात काढायचे. जिना एकच आहे, त्यामुळे इथे सवलत नाही.

इलेक्ट्रिकल डक्टची (केबल वर नेणाऱ्या उभ्या पोकळीची) दारे उघडली. दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर झाडू, रंगाचे डबे, खोके. त्याहून वाईट म्हणजे केबल जिथून स्लॅबमधून वर जातात ती भोके उघडी. असा डक्ट धुराड्यासारखा ओढतो. खालचा धूर काही मिनिटांत वरच्या मजल्यावर. प्रत्येक स्लॅबपाशी रॉकवूल (न जळणारी खनिज लोकर) ठासून वरून फायर सीलंट भरायचा. पॉलियुरेथेन फोमचा साधा स्प्रे मारून भोक बुजवलेले अनेक ठिकाणी दिसते. तो फोम स्वतःच जळतो. फायर रेटिंगचा दाखला असलेलाच माल घ्यायचा आणि डब्याचा फोटो नोंदीत लावायचा.

पार्किंगमध्ये एका दुकानाच्या कापडाच्या गाठी ठेवलेल्या. त्या आजच हलवल्या. ६ ऑक्टोबर २०२३ ला गोरेगावच्या इमारतीत आग पहाटे पार्किंगमध्येच लागली होती. तिथेही गाड्या आणि कापडाचा साठा होता, आणि माणसे गेली ती वरच्या मजल्यांवरची.

१५ नोव्हेंबर

गच्चीवरचा पंप. पाण्याचा हिशेब सरळ आहे: दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर (दर चौरस सेंटीमीटरला). टाकीखाली तळमजल्यावर दोन किलोच्या वर आपोआप मिळते, पण सातव्या मजल्याचा व्हॉल्व्ह टाकीच्या तळापासून जेमतेम तीन मीटर खाली आहे. तिथे पंपाविना ०.३ किलो. नळासारखी धार पडेल, फेकली जाणार नाही. म्हणून तळमजल्याच्या व्हॉल्व्हला पाणी जोरात आले म्हणजे यंत्रणा ठीक, हा निष्कर्ष चुकीचा. चाचणी नेहमी सर्वात वरच्या व्हॉल्व्हवर, गेज लावून, पंप चालू करून घ्यायची.

आज सापडलेले दोष:

टाकीच्या सक्शनचा (टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाईपचा) गेट व्हॉल्व्ह बंद. टाकी धुताना प्लंबरने बंद केला, परत उघडला नाही. पंप सुरू झाला, आवाज आला, पाणी आले नाही. आता व्हॉल्व्ह उघडा ठेवून चाकाला साखळी घातली आणि 'उघडाच ठेवणे' अशी पत्र्याची पाटी लावली.

वापराच्या पाण्याचा आउटलेट कोणीतरी उन्हाळ्यात आगीच्या टाकीच्या तळाशी जोडलेला. टंचाईत आगीचे पाणी अंघोळीला जात होते. तो काढून योग्य मांडणी केली: भरणारे पाणी आधी आगीच्या टाकीत पडते, ती भरली की वरच्या ओव्हरफ्लोने वापराच्या टाकीत जाते. राखीव साठा कायम राहतो आणि पाणी शिळेही होत नाही. ९०० लिटर प्रति मिनिटाने २५,००० लिटर जेमतेम २८ मिनिटे पुरतात. त्यातले पाणी आधीच गेलेले असेल तर अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंतचा वेळच हातातून जातो.

पंपाची वीज सोसायटीच्या कॉमन मीटरच्या मेन स्विचनंतर घेतलेली. आग लागली की पहिले काम वीज तोडण्याचे असते, म्हणजे पंपही तेव्हाच बंद पडणार. पंपाची केबल मेन स्विचच्या आधीपासून स्वतंत्र स्विचवर घेतली पाहिजे. महावितरणकडे अर्ज दिला. काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडून.

२२ नोव्हेंबर

होज आणि अग्निशामक. आठ होज बॉक्सपैकी तीनमध्ये ब्रँच पाईप (होजच्या टोकाला लावायची पितळी तोटी) नाही. पितळ भंगारात विकले जाते, त्यामुळे हे सगळीकडेच होते. नवे घेताना स्टेनलेस स्टीलचे घेतले. बॉक्सला कुलूप लावायचे नाही. काचेचे छोटे झाकण आणि हातोडी पुरे. ६३ मिमीच्या कपलिंगमधला (होजच्या जोडामधला) रबरी वॉशर सोळापैकी नऊ जागी नव्हता किंवा कडक होऊन चिरलेला. वॉशर नसला तर जोडावरूनच अर्धे पाणी उडते. सोळाही बदलले, चार जादा बॉक्समध्ये ठेवले. होज रीलचा १९ मिमीचा रबरी पाईप ड्रमच्या पहिल्या वळणावर फुटतो, वरून पाहून कळत नाही. पूर्ण ३० मीटर उलगडून पाणी सोडावे लागते. दोन बदलायला लागले.

६ किलोचे एबीसी पावडरचे सोळा, मीटर रूम आणि लिफ्टच्या मशीन रूमसाठी कार्बन डायऑक्साइडचे दोन. काटा हिरव्यात आहे एवढ्यावर समाधान मानायचे नाही. काटा फक्त गॅसचा दाब सांगतो, पावडर आहे का, मोकळी आहे का, ते नाही. म्हणून प्रत्येक सिलिंडर वजन काट्यावर ठेवला आणि अंगावर छापलेल्या एकूण वजनाशी ताडला. दोघांचे वजन किलोभर कमी. मग उलटा धरून कान लावला. मोकळी पावडर सरकताना आवाज येतो, गोळा झालेली एकदम आदळते किंवा हलतच नाही. असे तीन निघाले. दमट हवेत, जमिनीवर ठेवलेल्या सिलिंडरमध्ये हे हमखास होते. भिंतीच्या ब्रॅकेटवरच अडकवायचे.

रिफिलचे स्टिकर नवे आणि आत जुनीच पावडर, हा प्रकार टाळायचा तर रिफिल आपल्या समोर करून घ्यावी आणि आलेल्यांपैकी एक, आपल्या पसंतीचा, तिथेच सोडून बघावा. अर्धवट वापरलेला परत अडकवू नये. पावडरचे कण व्हॉल्व्हच्या सीटमध्ये अडकतात आणि काही दिवसांत दाब निघून जातो. पावडरच्या सिलिंडरची हायड्रॉलिक चाचणी (पाण्याचा दाब देऊन) तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडची पाच वर्षांनी. तारीख अंगावर ठोकलेली असते, स्टिकरवर नव्हे.

३० नोव्हेंबर

भाड्याचे फ्लॅट, वायरिंग. आजवरचे सर्वात महत्त्वाचे काम.

इमारतीत मुळात दिव्यांना दीड एमएम (चौरस मिमी), १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच एमएम आणि गिझर-एसीला चार एमएमची तांब्याची वायर. हे ठीक आहे. बिघडते ते पुढे. भाडेकरू येतो, इंडक्शन आणतो. दोन हजार वॅटचा इंडक्शन २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो. स्वयंपाकघरातला १६ चा सॉकेट फ्रीजने अडवलेला, म्हणून इंडक्शन ६ अँपिअरच्या सॉकेटला, तोही एक्स्टेंशन बोर्डमार्फत. बोर्डाच्या आतली वायर अर्ध्या-पाऊण एमएमची, पट्ट्या पातळ. सॉकेटच्या भोकांभोवती तपकिरी डाग दिसला की समजावे की आत स्प्रिंग ढिली झाली आहे. ११ पैकी पाच फ्लॅटमध्ये असे डाग. ते सॉकेट साफ करून चालत नाहीत; तापलेल्या पितळाचा ताण गेलेला असतो, सॉकेटच बदलायचा, आणि मागची वायर काळी झाली असेल तेवढा भाग कापून.

४०४ मध्ये सहा मुले पेइंग गेस्ट म्हणून राहतात. तीन इंडक्शन, दोन गिझर, एक एसी. अडीच एमएमवरचा १६ चा एमसीबी (जादा लोडला आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडायचा, म्हणून कोणीतरी त्या जागी ३२ चा बसवला. एमसीबी पडणे हा दोष नसतो, तो वायरीला वाचवत असतो. ३२ चा बसवला की वायर तापून इन्सुलेशन वितळेपर्यंत काहीच पडत नाही, आणि ते भिंतीच्या आत, प्लायच्या पार्टिशनमागे घडते. नियम एकच: एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो, उपकरणावरून नाही. लोड जास्त हवा असेल तर डीबीपासून (घरातल्या एमसीबीच्या पेटीपासून) नवी चार एमएमची लाइन टाका आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या. ४०४ मध्ये दोन नव्या लाइन, जुना १६ परत.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा हवा. सात फ्लॅटमध्ये नव्हताच, दोनमध्ये होता पण बायपास केलेला: वर-खाली वायर थेट जोडून. कारण विचारले तर 'सारखा पडतो'. शोधल्यावर एकीकडे गिझरचे एलिमेंट गळत होते, दुसरीकडे इनव्हर्टरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला. न्यूट्रल वेगळा केला, पडणे थांबले. टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबायला सांगितले. आरसीसीबी जादा लोड ओळखत नाही, हेही प्रत्येक घरी सांगावे लागते. त्याच्यासोबत एमसीबी लागतोच.

मेगर (वायरीचे इन्सुलेशन तपासायचे यंत्र) ५०० व्होल्टवर घेतला, आधी सगळी उपकरणे प्लगमधून काढून, नाहीतर टीव्ही-राऊटर जातात. एक मेगओहमच्या खाली आलेली प्रत्येक लाइन उघडून बघायची. बाथरूमला लागून असलेल्या भिंतींत पावसाळ्यानंतर हे आकडे पडतात. दोन लाइन तशा निघाल्या.

गॅस: नळीवर छापलेली तारीख बघितली. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, चांगली दिसत असली तरी. तीन घरांत मुदत संपलेली. एका घरात टाइल कापून नळी कपाटाच्या मागून नेलेली. नळी उघडी, दिसेल अशीच हवी.

खिडक्यांच्या ग्रिल. पुढचे दार आगीने अडले तर बाहेर पडायला दुसरी वाट ग्रिलच. उघडणारी झडप ६० गुणिले ७५ सेंमीची करून घ्यायची. कुलूप लावायचेच असेल तर किल्ली बाजूच्या खिळ्यावर, मोठ्यांच्या हाताला लागेल अशी.

७ डिसेंबर

मीटर रूम. थर्मल कॅमेरा (उष्णता दाखवणारा) भाड्याने आणून संध्याकाळी सातनंतर पाहणी केली, कारण लोड तेव्हाच असतो. न्यूट्रलच्या बसबारवर (जोडणीच्या धातूच्या पट्टीवर) एक लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, शेजारच्यांपेक्षा ४० अंशांनी जास्त तापलेला. अ‍ॅल्युमिनिअमची केबल थेट तांब्याच्या पट्टीवर बोल्ट केलेली. दोन धातूंच्या मधे पांढरी पूड जमली होती. दोन्ही धातूंना चालणारा बायमेटॅलिक लग लावून, पट्टी घासून, पुन्हा कसला.

हा जोड तुटला असता तर काय झाले असते ते लिहून ठेवतो, कारण मालकांना हा धोका माहीत नसतो. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी असतो तिच्यावर व्होल्टेज चढते, ४०० च्या जवळपासही जाते. बंद फ्लॅटमध्ये चालू सोडलेला राऊटर, सेट टॉप बॉक्स, चार्जर तेव्हा जळतात, आणि तिथे बघायला कोणी नसते.

इलेक्ट्रिक स्कूटर: मीटर रूमच्या दाराशी चार्ज होत होती, तिथून हलवली. पार्किंगच्या मोकळ्या कडेला स्वतंत्र आरसीसीबीवर दोन पॉइंट. काढता येणारी बॅटरी घरात नेणाऱ्यांना एक सूचना आग्रहाने: ती मुख्य दारापाशी चार्ज करू नका. बॅटरी पेटली तर बाहेर पडायची एकमेव वाट तीच.

१३ डिसेंबर

बंद फ्लॅट. पाचपैकी चार उघडले, मालकांचे नातेवाईक हजर. ७०२ ची चावी आली नाही.

मेन बंद करून गेलो, असे सगळ्यांनीच सांगितले होते. २०३ मध्ये मेन खरोखर बंद होता, पण इनव्हर्टर चालू. मेन बंद केला की इनव्हर्टर बॅटरीवरून घराला वीज देऊ लागतो. बॅटरी रिकामी झाली, पाणी आटले, टर्मिनलवर हिरवट बुरशी. इनव्हर्टरचा स्वतःचा स्विच बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टेप लावली. शिवाय डीबी बंद केला तरी खाली मीटरपासून डीबीपर्यंतची केबल जिवंतच राहते. म्हणून मीटर रूममधला त्या फ्लॅटचा स्विचही पाडला आणि तारखेची चिठ्ठी बांधली.

६०१ च्या मालकांना कॅमेरा चालू हवा आहे. त्यांच्यासाठी ६ अँपिअरचा एकच आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र), त्यावर फक्त राऊटर आणि कॅमेरा; बाकी सगळे एमसीबी खाली. अ‍ॅडॉप्टर सोफ्याच्या मागून काढून टाइलवर ठेवले.

गॅस सिलिंडर दोन फ्लॅटमध्ये तसेच, एकाला रेग्युलेटर जोडलेला. एलपीजी हवेपेक्षा जड; गळला तर जमिनीलगत साचतो आणि हवेत सुमारे दोन टक्के झाला की ठिणगी पुरते. महिनोन्महिने बंद राहणार असेल तर सिलिंडर वितरकाकडे जमा करणे हाच योग्य उपाय. तोवर रेग्युलेटर काढून, सेफ्टी कॅप घालून, हवेशीर बाल्कनीत, सावलीत, उभा. पाईप गॅस असेल तर शेगडीचा आणि मीटरजवळचा, दोन्ही कॉक बंद.

बाल्कनी. कबुतरांनी एसीच्या आउटडोअर युनिटमागे काड्यांची घरटी केली होती, बाजूला वाळलेल्या कुंड्या, गोणपाट, पुठ्ठे. दिवाळीत बाण नेमका अशाच बाल्कनीत पडतो आणि फ्लॅट बंद असल्याने पडदा पेटेपर्यंत कळत नाही. सगळे काढले, खिडक्या बंद, पडदे बाजूला बांधले. ही सफाई दर वर्षी दिवाळीच्या आधी.

चाव्या: प्रत्येक बंद फ्लॅटची एक चावी सीलबंद पाकिटात, पाकिटावर मालकाची सही, कार्यालयाच्या तिजोरीत. सील तुटले तर कारण, वेळ आणि दोन साक्षीदार रजिस्टरमध्ये. मालकांची हरकत समजण्यासारखी आहे, पण चावी नसेल तर दल दार फोडते आणि तेवढ्या वेळात आग पुढच्या खोलीत जाते.

बंद दारातून गॅसचा वास आला तर काय करायचे, हे वॉचमनच्या टेबलावर लावले: बेल वाजवू नये, पॅसेजचा दिवा चालू किंवा बंद करू नये, लिफ्ट वापरू नये, त्या मजल्यावर फोन काढू नये. जिन्याच्या खिडक्या उघडाव्यात, खाली येऊन मीटर रूममधून त्या फ्लॅटची वीज तोडावी, मग १०१ आणि गॅस गळतीसाठी १९०६.

२० डिसेंबर

लीव्ह अँड लायसन्सच्या कराराला जोडायच्या अटी तयार. करार नोंदवावाच लागतो, तेव्हा या अटी त्यातच घालाव्यात. वेगळ्या कागदावर राहिल्या की भांडणाच्या वेळी सापडत नाहीत.

– जूनच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तपासणीसाठी प्रवेश, ४८ तासांची पूर्वसूचना देऊन.
– एमसीबी, आरसीसीबी, वायरिंग यांत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बदल नाही. बिघाड सात दिवसांत दुरुस्त करणे मालकावर.
– राहणाऱ्यांची कमाल संख्या आकड्यात. प्लायचे पार्टिशन नाही.
– जिना आणि पॅसेजमध्ये काहीही ठेवायचे नाही.
– नळी, अग्निशामक, स्मोक अलार्म यांची ताबा देतानाची स्थिती फोटोसह. ताबा घेताना पुन्हा तेच.

स्मोक अलार्मची सक्ती फ्लॅटला नाही, तरी भाड्याच्या प्रत्येक घरात एक, दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचा, झोपायच्या खोलीबाहेर छताच्या मध्याजवळ लावायला सांगितले. भिंत आणि छताच्या कोपऱ्यात धूर उशिरा पोहोचतो. स्वयंपाकघरात फोडणीने वाजतो आणि मग लोक तो काढूनच टाकतात.

२७ डिसेंबर

भाडेकरूंसाठी अग्निशामक वापरायचा सराव. पिन ओढणे, तळाशी नेम धरणे, आडवे फिरवणे. सहा किलोचा सिलिंडर जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, त्यामुळे आग टेबलाएवढी असेपर्यंतच. त्याहून मोठी असेल तर बाहेर पडायचे आणि जाताना दार ओढून घ्यायचे. उघडे टाकलेले दार म्हणजे एकुलत्या जिन्यात धूर. जिन्यात आधीच धूर असेल तर घरातच थांबून दाराच्या फटीत ओला टॉवेल आणि रस्त्याकडच्या खिडकीतून हाक. हिंदीतून वेगळी फेरी घेतली; चौथ्या मजल्यावरची मुले आणि दोन्ही वॉचमन मराठी बोलत नाहीत.

१० जानेवारी २०२६

एजन्सीची तपासणी. सातव्या मजल्यावर पंप चालू असताना ३.५ किलो. खाली अग्निशमन दलाच्या गाडीतून यंत्रणेत पाणी भरायच्या इनलेटपुढे दोन गाड्या उभ्या होत्या. तिथे पिवळे पट्टे मारले, एक पार्किंग जागा रद्द. पंपाच्या स्वतंत्र विजेचे काम ५ जानेवारीला झाले होते. मेन स्विच पाडून पंप चालवून दाखवला. डक्टचे सीलिंग सहाव्या मजल्यावर अपुरे होते, त्याच दिवशी भरले.

१९ जानेवारी

फॉर्म बी दलाच्या कार्यालयात दाखल, पोचपावती फाइलमध्ये, प्रत सर्व २८ मालकांना ईमेलने. शिल्लक कामे: ३०२ मध्ये आरसीसीबी, मालकाने सामान पाठवले, इलेक्ट्रिशियन २४ तारखेला. ५०३ ची गॅस नळी भाडेकरूने बदलल्याचे सांगितले, तारखेचा फोटो यायचा आहे. ७०२ च्या मालकाची लेखी संमती आली. चुलतभाऊ चावी घेऊन ३१ ला येतील. तोपर्यंत ७०२ ची वीज मीटर रूममधून बंद, गॅसबद्दल काही कळलेले नाही, त्यामुळे वॉचमनने रोज रात्रीच्या फेरीत त्या दाराच्या फटीपाशी वास घेऊन रजिस्टरमध्ये सही करायची.